एरचच्या सावित्रीदेवींचं पत्र

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, आणि ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना तर नाहीच. तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. की उलट — ओळखता, म्हणून? झाशीत रेडिओ ऐकत असाल तर माझा आवाज तुमच्या स्वयंपाकघरात येऊन गेलेला असणार.

मी इथल्या एका छोट्या रेडिओ केंद्रावर निवेदिका आहे. घरी मराठी, बाहेर हिंदी, आणि बाजारात भाजीवाल्याशी घासाघीस करताना चक्क बुंदेली. आमचे पूर्वज कुठल्यातरी सुभेदाराच्या दफ्तरात लिहायला म्हणून इकडे आले आणि राहिले. मराठीत रागावलं की माझी मुलगी हिंदीत उत्तर देते. तर अशी मी, सुमन. गोड बोलण्याचा पगार घेणारी बाई. गोड बोलणाऱ्या माणसाला खोटं बोलणं किती सोपं जातं, हे मला त्या वर्षी कळलं.

सात-आठ वर्षं झाली असतील. मी एक मालिका सुरू केली — आजच्या फोटोग्राफरांच्या मुलाखती. केंद्रावर सगळे हसले. रेडिओवर फोटो? दिसणार काय, कप्पाळ? पण मी हट्टी. एक पद्धत ठरवली. पाहुण्यानं आपला एक फोटो डोळे मिटून सांगायचा, ऐकणाऱ्याला दिसेल असा. आणि शेवटी माझा ठरलेला प्रश्न — लोग आपको कितना जानते हैं? या प्रश्नानं भलेभले गडबडायचे. कुणी बक्षिसं मोजायचं, कुणी प्रदर्शनं. एक बाई तर म्हणाल्या, माझा फोटो सगळ्या देशानं पाहिलाय, पण माझ्या गल्लीत मला विजेचं बिल भरणारी म्हणून ओळखतात. मला त्या फार आवडल्या.

पण मला सांगायचं आहे ते नानांबद्दल. बघा, अजून टाळतेच आहे.

नानांचा स्टुडिओ माणिक चौकाच्या मागच्या गल्लीत. आमच्यासारखंच जुनं मराठी घर. माझा शाळेच्या ओळखपत्राचा फोटो त्यांनीच काढला, लग्नाचेही त्यांनीच, आणि दोन्हीकडे मी डोळे मिटले म्हणून दोन्ही वेळा तेच रागावले. पोट पासपोर्ट फोटोंवर. पण सुट्टीच्या दिवशी कॅमेरा घेऊन बसनं निघायचे. बरुआसागरला आल्याचे वाफे, तलावावरची माणसं, गरौठ्याचा बाजार, एरचला बेतवेचा काठ. चाळीस वर्षांचे फोटो खोक्यांत भरलेले. एकाही फोटोखाली कधी त्यांचं नाव छापून आलं नाही. मी मुलाखतीला बोलावलं तेव्हा इस्त्रीचा शर्ट घालून आले, आणि माइकला आधी नमस्कार केला.

त्यांनी सांगितलेला फोटो असा. एरचला नावेची वाट बघत एक म्हातारी बसली आहे. मांडीवर नवी कोरी स्टीलची बादली, बाजारातून घेतलेली. बादलीच्या चकचकीत अंगात तिला स्वतःचं तोंड दिसतं आहे — पसरट, वाकडंतिकडं, बिनदातांचं. आणि ती त्याच्याकडे बघून हसते आहे. नाव आली, म्हातारी पलीकडे गेली. नानांना तिचं नाव विचारायचं राहून गेलं. पुढे वीस वर्षं ते एरचला जात राहिले, फोटो दाखवत राहिले. कुणीच तिला ओळखलं नाही. "बाकी कशाचं दुःख नाही मला, बेटा," चहा पिताना ते म्हणाले होते. "पर वो बाई का नाम मिल जाता तो…"

आणि माझ्या ठरलेल्या प्रश्नाला त्यांचं उत्तर? म्हणाले, "मुझे कोई पहचाने, इसकी क्या ज़रूरत? फोटो में जो है, वो खुद को पहचान ले, बस।"

इतक्या मुलाखती केल्या, असं कुणी बोललं नव्हतं.

नानांचा कार्यक्रम दोन आठवड्यांनी लागणार होता. मधल्या आठवड्यात दिल्लीचे एक बडे फोटोग्राफर ओरछ्याला आले होते, ते अचानक हो म्हणाले. नाव सांगत नाही, त्यांचा यात काही दोष नाही. एवढा मोठा माणूस आमच्या केंद्रावर कधी आलाच नव्हता. आमच्या केंद्राच्या साहेबांनी स्वतः बिस्किटं मागवली. आणि ते गृहस्थ बोलेनात. हो, नाही, देखिए ऐसा है — एवढंच. घड्याळावर नजर. काचेपलीकडे साहेबांचा चेहरा उतरत चाललेला. आणि मी म्हणाले — सहज, हसत, जणू आत्ताच सुचलंय — "मैं तो मानती हूँ, फोटोग्राफर को कोई क्यों पहचाने? फोटो में जो है, वो खुद को पहचान ले, बस।"

मैं तो मानती हूँ. हे शब्द माझे. बाकी सगळं नानांचं.

ते गृहस्थ खुर्चीत सरळ झाले. "ये आपने क्या कह दिया," म्हणाले, आणि मग अर्धा तास थांबलेच नाहीत. स्वतःच्या आईबद्दल बोलले, पहिल्या कॅमेऱ्याबद्दल बोलले. जाताना साहेबांना म्हणाले, आपकी सुमनजी सोचती बहुत अच्छा हैं. कार्यक्रम गाजला. पुन्हा पुन्हा लावला गेला. साहेबांनी ते वाक्य मोठ्या अक्षरांत छापून केंद्राच्या दारात लावलं, खाली माझं नाव. तेव्हा तरी तोंड उघडायचं की नाही? नाही उघडलं. दारातून आत जाताना मी त्या कागदाकडे बघत होते. आवडत होतं मला.

आणि मग नानांची पाळी आली. काय लावणार? त्यांच्या मुलाखतीत तेच वाक्य, त्यांच्या आवाजात, माझ्याआधी ध्वनिमुद्रित झालेलं. तुम्ही म्हणाल, तेवढंच कापायचं. कापता आलं असतं. एवढं काम तर मी झोपेतही करते. पण शहरात नानांना ओळखणारी चार माणसं तरी होतीच, ते वाक्य नाना ऊठसूट बोलत असणारच — त्यांचा आवाज ऐकला की कुणी म्हणालं असतं, अहो, हे तर स्टुडिओवाल्या नानांचं. मी घाबरले. माझ्या नावाचा तो कागद दारावरून उतरेल, याला घाबरले. आणि एका दुपारी, डबा खाऊन झाल्यावर, मी नानांची अख्खी मुलाखत संगणकावरून पुसून टाकली. त्यांच्या जागी जुनी गाणी लावली.

नाना तेव्हा मोतीबिंदूसाठी ग्वाल्हेरला लेकीकडे होते. परत आले ते काळा चष्मा लावून थेट माझ्या घरी, हातात पेढे. "कसा झाला गं?" मी म्हणाले, "छान झाला, नाना." इतकं सहज. मग म्हणाले, लेकीला ऐकवायचाय, पेन ड्राइव्हवर देशील का? मी म्हणाले, हो हो, देते की. आठ दिवसांनी पुन्हा विचारलं. पुन्हा हो. तिसऱ्यांदा विचारतील तेव्हा काय करायचं? काहीतरी असं हवं होतं की ते पेन ड्राइव्ह विसरतील.

आता जे केलं, ते सांगताना हात थांबतो आहे.

आमच्या केंद्रावर अजून पोस्टकार्डं येतात, फर्माइशींची. टेबलावर कोरी कार्डंही पडलेली असतात. त्यातलं एक घेतलं आणि डाव्या हातानं, वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलं. एरचच्या कुणा सावित्रीदेवींकडून. कार्यक्रम ऐकला, डोळे भरून आले, बाल्टीवाली अम्मा हमारी सास थीं. नाव — गोमती.

नाव सुद्धा दिलं मी तिला. वीस वर्षं ज्या नावासाठी हा माणूस बसनं हिंडला, ते मी मोरीत हात धुता धुता रचून टाकलं.

नानांनी कार्ड वाचलं. चष्मा काढून वाचलं, मग लावून वाचलं. मग माझ्या डोक्यावर हात ठेवला. "तेरे रेडिओ ने ढूँढ दी रे," एवढंच म्हणाले. मग पुन्हा पुन्हा कार्डच वाचत बसले. माझ्या आईनं चहा आणला, तो गार झाला. मी तेव्हा सांगितलं असतं तर? नाही सांगितलं. त्यांनी खुशीत मागवलेला पेढा खाल्ला.

दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी फोटोची मोठी प्रत काढली, स्वतः फ्रेम केली, आणि एरचची बस पकडली. मला कळलं ते नाना निघून गेल्यावर. त्या दिवशी मी दोन गाण्यांची नावं उलटीसुलटी सांगितली. एरच केवढं? तासाभरात सगळ्या गावाला विचारून होईल.

संध्याकाळी ते आले. चपला धुळीनं भरलेल्या. फ्रेम हातात नव्हती. मी विचारायच्या आधीच म्हणाले, "मिल गईं. बऱ्याच वयाच्या आहेत. फोटो दिला. खूप खूश झाल्या."

ते पाणी प्यायले, तांब्या खाली ठेवला, आणि माझ्या मुलीला विचारू लागले, शाळा कशी चाललीय.

नसलेल्या बाईला ते भेटून आले होते. समजलं ना तुम्हाला? मलाही समजलं. पण ते काही म्हणाले नाहीत, म्हणून मीही नाही म्हणाले. पेन ड्राइव्हचा विषय पुन्हा कधी निघाला नाही.

आणि नंतर गंमत बघा — गंमतच म्हणायची — नाना मला सावित्रीदेवींच्या खबरा देऊ लागले. संक्रांतीला तिळगूळ देताना, सावित्रीदेवींचे गुडघे दुखतात म्हणे. दिवाळीला, त्यांची सून रागावून माहेरी गेली होती, आली परत. त्यांना भजनं आवडतात, सकाळी एखादं लावत जा. मी लावत होते. जगात आम्ही दोघंच तिला ओळखणारे, आणि दोघंही तिचं नाव अगदी आदरानं घेणारे. सांगू का? मला ती बाई आवडायला लागली होती. नानांनी तिला इतकं छान सांभाळलं होतं.

एकदा त्यांच्या काउंटरच्या काचेखाली ते कार्ड दिसलं. वाकून नीट बघितलं. त्यावर पोस्टाची मोहोर नव्हती. कशी असणार? ते पोस्टात गेलंच नव्हतं. आम्ही रेडिओवाले कानांची माणसं, मला हे सुचलंच नाही. पण नानांनी आयुष्यभर नजरेचा धंदा केला. एरचला जायच्या आधी दिसलं असेल, की परतताना बसमध्ये बसून? विचारायची हिंमत माझ्यात नाही.

या वर्षी नानांनी स्टुडिओ बंद केला. लेक त्यांना ग्वाल्हेरला घेऊन गेली. निघायच्या आदल्या दिवशी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आले. "सावित्रीदेवींनी परत पाठवलाय गं. म्हणाल्या, हमारे यहाँ सीलन है, भिंतींना ओल येते, सुमन के घर अच्छा रहेगा."

ते गेल्यावर उघडलं. तीच बाई, तीच बादली. खरंच हसत होती ती, नानांनी सांगितलं होतं तस्संच. फ्रेमच्या मागे निळ्या शाईत, जुन्या अक्षरांत लिहिलेलं — श्रीमती सावित्री देवी, एरच, को सादर. म्हणजे एरचला निघताना त्यांचा विश्वास होता. पूर्ण विश्वास होता. आणि त्याखाली, अलीकडचं, मराठीत —

सुमन, ते वाक्य तुझ्या आवाजात जास्त छान वाटलं. नाना.

फोटो आमच्या पुढच्या खोलीत आहे. येणारे-जाणारे विचारतात, कुणी काढला? मी नानांचं नाव सांगते. म्हातारीचं नाव विचारलं तर माहीत नाही म्हणते. मागे काय लिहिलंय ते कुणी बघत नाही. रविवारी नानांचा फोन येतो, मुलीशी बोलतात, माझ्याशी बोलतात. मागच्या रविवारी विचारत होते, सरळ टांगलाय ना? मी म्हणाले, हो, सरळ आहे.

ते वाक्य नानांचं होतं. त्यांच्या तोंडून एकदाच मुद्रित झालं, चांगल्या, खणखणीत आवाजात, आणि ते मी पुसलं.