पायडल हाय ना, मग सायकलच

चढ आला की नाना उतरायचे. सायकल कोरी करकरीत, विजेवर चालणारी, डोंगर चढण्यासाठीच बनवलेली; आणि चढाचं पहिलं वळण दिसलं की हे गृहस्थ ब्रेक दाबून खाली उतरणार, टोपी नीट करणार आणि हँडलवर हात ठेवून चालू लागणार. मी मागून ओरडायचे, "नाना, बसा की. मोटर चढासाठीच असते." ते मागे वळूनही न बघता म्हणायचे, "चढाला उतरायचं असतं, म्याडम."

मी कपाळाला हात लावायचे. ज्या गुडघ्यांना चढ झेपत नाही म्हणून ही सायकल घेतली, तेच गुडघे घेऊन हा माणूस नेमका चढच पायी चढतो, हे कुणाला सांगितलं तरी खरं वाटलं नसतं.

नाना म्हणजे माण गावातले माझे घरमालक. तुम्ही आयटी पार्कच्या आसपास कधी भाड्याने राहिला असाल, तर असे मालक तुम्हीही पाहिले असतील. जिथे भात व्हायचं तिथे तीन मजली इमारत, खाली पार्किंग, पार्किंगमध्ये प्लास्टिकची खुर्ची आणि खुर्चीत पांढरी टोपी. नाना तळमजल्यावर एकटेच राहायचे. डबा खानावळीतून यायचा. मुलगा बावधनला फ्लॅटमध्ये. घरात बाईमाणसाची कसलीच खूण नव्हती, त्यामुळे नाना विधुर आहेत हे मी कधीच मनाशी ठरवून टाकलं होतं. तसं मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं.

मी परभणीची. ऑफिसला साध्या गिअरच्या सायकलवर जाते, म्हणून आमच्या इमारतीत सायकलीतली जाणकार समजली जाते. एक दिवस नानांनी मला पार्किंगमध्ये अडवलं.

"म्याडम, ती बॅटरीवरची सायकल असती, तिला पायडल मारायला लागतं का?"

"नाही मारलं तरी चालते, नाना. मूठ पिळली की स्कूटरसारखी पळते."

नानांचा चेहरा पडला. "म्हंजी पायडल नसतंच?"

"असतं ना. पायडल मारलं की मोटर जोर लावते."

"पायडल हाय ना? मग सायकलच ती," नाना म्हणाले आणि खुर्चीत टेकून बसले, जणू एखाद्या मोठ्या खटल्याचा निकाल लागला होता.

मला वाटलं, विषय संपला. आठवड्याच्या आत भलंमोठं खोकं दारात. डोंगरी सायकल, जाड टायर, पुढे शॉकॲब्जॉर्बर, नळीच्या पोटात बॅटरी. गल्लीतली माणसं जमली. "नाना, चारचाकी उभी आसताना ही कशाला?" कुणीतरी विचारलं. कारण पार्किंगच्या कोपऱ्यात नानांची मोटार होती. कव्हर घातलेली, कव्हरवर धुळीचा थर. ती हललेली मी कधी पाहिली नव्हती.  नाना खोक्याचा पुठ्ठा नीट घडी करून ठेवण्यात गुंतले.

शिकवणी माझ्याकडे आली. किल्ली कुठे लावायची, बॅटरी कशी काढायची, चार्जर लावला की दिवा लाल, भरली की हिरवा. मोटरचा जोर एकपासून पाचपर्यंत, सुरुवात एकवर करायची. हे सगळं त्यांनी शांतपणे ऐकलं, मान डोलावली आणि सरळ पाचवर टाकून पायडलवर पाय ठेवला. सायकल उसळली आणि धाडकन कोपऱ्यातल्या मोटारीवर गेली. मोटारीचा पुढचा पत्रा चांगलाच चेपला.  नाना उठले, धोतर झटकलं आणि सायकलचं पुढचं चाक फिरवून बघायला लागले.

"नाना, गाडी बघा आधी. केवढी चेपली."

"चेपू द्या. चाक सरळ हाय का बघा."

मोटारीकडे त्यांनी मान वळवूनसुद्धा बघितलं नाही. लाखांची गाडी चेपते आणि माणूस सायकलच्या चाकाला कुरवाळत बसतो. मी त्या दिवशी जेवतानाही त्याचाच विचार करत होते.

मग सुरू झाल्या सुधारणा. लोक नव्या सायकलीवर काहीबाही चढवतात. नानांनी आधी उतरवायला सुरुवात केली. दुकानात गेल्यावर पहिलं वाक्य, "ही मूठ काढा. पिळून पळायला नको." दुकानदार माझ्याकडे बघायला लागला. त्याच्या म्हणण्याप्रमाणे, लोक त्या मुठीसाठीच सायकल घेतात. नाना म्हणाले, "मूठ ऱ्हायली तर तिची मोटरसायकल हुती." मूठ निघाली.

दुसरं वाक्य, "हॉर्न काढा."

इथे मात्र मी मध्ये पडले. माणच्या रस्त्यावर डंपर, पाण्याचे टँकर, कंपन्यांच्या बस. "नाना, हॉर्नशिवाय चिरडून जाल. निदान घंटी तरी ठेवा."

"हॉर्न नको. घंटी बी नको."

"मग माणसाला बाजूला कसं करणार?"

"तोंड हाय की," नाना म्हणाले. एरवी मवाळ असणारा माणूस, पण त्या क्षणी आवाज असा होता की दुकानदाराने मुकाट्याने पाना उचलला.

चढवलं ते इतकंच: स्टँड, चिखल उडू नये म्हणून मडगार्ड, रुंद सीट आणि मागे दणकट कॅरिअर. कॅरिअर बसल्या दिवशी नानांनी त्यावर सरकी पेंडेचं पोतं बांधून गावातून फेरी मारली. पेंड गुरांना घालतात हे परभणीच्या मुलीला कुणी सांगायला नको. पण नानांकडे गुरं कुठली? गोठा होता तिथे आता आमच्या दुचाक्या लागतात.

"पेंड कुणाला, नाना?"

"म्हशींस्नी."

"कुठे आहेत म्हशी?"

"हायेत," नाना म्हणाले आणि पोत्याची दोरी आणखी आवळली.

रविवारी सकाळी आम्ही घोटवड्याच्या खिंडीकडे जायचो. सपाटीला नाना तरुण पोरासारखे पळायचे आणि चढ आला की ते पुराण सुरू. शेवटी मी विचारलंच की चढाला उतरायचं हे आलं कुठून. "गाडीला बैल आसायचे," ते म्हणाले. "चढ आला की गाडीवाल्यानं उतरायचं आणि जुवाला खांदा द्यायचा. बैल जीव काढून वढतुय आणि आपुन वर बसून ऱ्हायचं, ते बरं दिसत न्हाई."

"नाना, ही बैल नाही. हिला दम लागत नाही."

"तिला न्हाई लागत. मला बसवत न्हाई त्याचं काय?"

 शेवटी मीच पुस्तिका वाचून त्यांच्यासाठी एक सोय शोधून काढली. एक बटण दाबून धरलं की सायकल माणसाच्या चालीने आपली आपण पुढे सरकते; बरोबर चालणाऱ्याने नुसतं धरून राहायचं. नानांनी बटण दाबलं, सायकल हळूच त्यांना ओढायला लागली, आणि तिच्यावर भार टाकून ते खिंडीचा अख्खा चढ न बसता चालून गेले. वर पोचल्यावर त्यांनी सीटवर थाप मारली. "बरूबर चालती की ही," ते म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. सायकलच्या एका बटणाने सत्तरीच्या माणसाच्या डोळ्यांत पाणी यावं, याचा मला अर्थच लागेना.

तो लागला मुलगा आला तेव्हा. बावधनहून तो चेपलेली मोटार बघायला आला आणि पार्किंगमध्येच भडकला. "नाना, ह्या वयात हाडं मोडून घ्यायचीत का? मी सोडतो म्हणलं ना गाडीनं?"

"गाडीनं न्हाई जायचं."

"मग बसा हितंच. ती बी हटून, तुमी बी हटून."

मी जिन्यात उभी होते. न राहवून विचारलं, "कुणाकडे जायचंय त्यांना?"

मुलगा माझ्याकडे बघून म्हणाला, "आईकडं. दुसरं कुणाकडं?"

 एवढे दिवस मी ज्या बाईला मनात गेलेली धरून चालले होते, ती जिवंत होती. पौडच्या पुढे, धरणाच्या पाण्याच्या वरच्या अंगाला डोंगरात एक वाडी आहे, तिथे माहेरच्या घरी ती सात-आठ वर्षं राहत होती. नानांनी शेवटचं भातखाचर विकलं ते तिला न विचारता. तिला कळलं ते जेसीबी शेतात शिरला तेव्हा. भात पोटरीला आलेलं, लोंब्या फुटायच्या बेतात होतं. दोन म्हशी सोडून घेतल्या आणि ती चालत निघून गेली. नाना एकदा आणायला गेले, पण तिने दारातूनच परत पाठवलं. पुन्हा यायचं तर मोटारीत बसून येऊ नका, आपल्या पायानं या, एवढंच म्हणाली. पायानं जायचं धाडस होईपर्यंत नानांचे गुडघे गेले होते.

मला नानांचा भयंकर राग आला. मुलगा गेल्यावर मी सरळ विचारलं, "का नाही विचारलंत त्यांना?"

नाना सायकलची साखळी पुसत होते. "इचारलं आस्तं तर न्हाई म्हणाली आस्ती," ते म्हणाले. इतकं सरळ उत्तर मला अपेक्षित नव्हतं. भांडायला मग काही उरलंच नाही.

हिशेब मात्र मी स्पष्ट सांगितला. "एका चार्जमध्ये वाडीपर्यंत जाल, नाना. परत येणं होणार नाही. दुसरी बॅटरी घ्या, नाहीतर चार्जर तरी बरोबर ठेवा. वाडीत लाईट आहे ना?"

"लाईट हाय."

"मग घ्याल ना?"

"बघू," नाना म्हणाले.

त्यानंतर मी काही दिवस परभणीला गेले. परत आले तर पार्किंगमध्ये खुर्ची रिकामी, सायकल नाही, आणि भिंतीवरच्या प्लगला चार्जर तसाच लटकलेला. त्याचा हिरवा दिवा चालू. शेजारी म्हणाले, नाना परवा उजाडतानाच गेले. फोन लावला तर लागेना. मुलगा उचलेना.  परवापासून माणूस गेलेला, चार्जर इथे, बॅटरी संपलेली, आणि मध्ये पौडच्या पुढचा तो सगळा डोंगर. गडी कुठल्या वळणावर पडला असेल, या विचाराने मी मैत्रिणीची स्कूटर घेतली, चार्जर सॅकमध्ये टाकला आणि निघाले. वाटेत प्रत्येक मोरीखाली डोकावून बघत होते.

वाडीचा शेवटचा चढ म्हणजे दगडगोट्यांची गाडीवाट. स्कूटर कशीबशी वर आली. कौलारू घर, पुढे अंगण. जिवाची घाई झालेली, मी बसल्या बसल्या हॉर्न वाजवला. दोनदा.

आतून एक उंच, काटकुळी बाई आली. हात शेणाने भरलेले. मला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाली, "आदी खाली उतरा. दारात हॉर्न वाजवून मानसं बोलावत न्हाईत."

मी उतरले. "नाना इथे आहेत का?"

"हायेत. म्हशी धुत्यात. मी न सांगताच." मग माझ्याकडे न बघता, "मागं आलं तवा त्यांनी बी आसंच केलं. नवी मोटार. काच खाली केली आणि हॉर्न वाजवला. चल म्हणं. बैलासाठी चढाला उतरायचा हा मानूस. माझ्या दारात उतरला न्हाई."

मला दुकानातलं ते आठवलं. हॉर्न नको, घंटी बी नको. मी तिथेच ओट्यावर बसले. एवढे दिवस मी त्यांना मोटर कशी वापरायची ते शिकवत होते, आणि ते उतरायचं कसं याचा सराव करत होते.

"आणि या वेळी?" मी विचारलं.

"ती सायकल का काय ते मला न्हाई कळत. पन खालच्या वढ्यापासनं उतरून आले. पायानं. मी हितनं बघत हुते." 

गोठ्यात बघितलं. दोन म्हशी, आणि त्यांच्या पलीकडे भिंतीला टेकून सायकल; तिच्यावरून आणलेलं पेंडेचं पोतं मात्र बाहेर अंगणातच, दोरीसकट. नाना ओल्या धोतराने बाहेर आले. मला बघून दचकले.

मी सॅकमधून चार्जर काढला. "हा विसरलात. याच्याशिवाय सायकल परत कशी येणार?"

बोलून गेले आणि मग बाईंकडे लक्ष गेलं. त्यांचे शेणाचे हात जागच्या जागी थांबले होते. त्या चार्जरकडे बघत होत्या.

"विसरलो न्हाई, म्याडम," नाना म्हणाले. "हिरवा दिवा लागला, बॅटरी काढून घेतली, आणि त्यो तितंच ठेवून आलो. माघारी न्या."

 एक म्हैस कान हलवत उभी होती. मग बाई वळल्या, घराच्या उंबऱ्यापाशी गेल्या आणि तिथूनच नानांना म्हणाल्या, "पेंडेचं पोतं आत घ्या. आभाळ आलंय, भिजंल."

सात-आठ वर्षांनी मिळालेलं ते पहिलं काम असावं. नाना गुडघ्यांना हात न लावता पोत्याकडे गेले.

चार्जर मी परत आणला. तो आता प्लगशेजारच्या खिळ्याला टांगलेला आहे. खुर्ची आहे, कव्हरखाली चेपलेली मोटार आहे, नाना नाहीत. नवे भाडेकरू कधी विचारतात, हा कुणाचा, लावून बघू का. मी त्यांना हात लावू देत नाही.