इंजिन बंद!

दुपारची जेवणं झाल्यावर आम्ही दोघांनी गळतीखाली पातेलं ठेवलं. मी आणि हिरानं मिळून केलेलं ते शेवटचं काम. पातेलं मी सरकवत होतो आणि "इकडं, अजून इकडं" ती सांगत होती.

"तळाला फडकं टाका," ती म्हणाली. "टिकटिक डोक्यात जाती."

"मला कुठं ऐकू येतंय?"

"तुमाला न्हाई, पर मला येतंय ना! हवालदार झाले, पर घरातली एक आर्डर कधी पाळली न्हाई."

"टाकतो की. पातेलं काय पळून चाललंय?"

मी इंजिनिअर रेजिमेंटला होतो. डावा कान ब्लास्टिंगमध्ये गेला. उजवा वयानं चाललाय. अर्धी नोकरी सिक्कीमच्या रस्त्यावरची दरड उपसण्यात गेली. पेन्शन घेऊन अकोले तालुक्यात घरी आलो, तर इथंही पाठीशी डोंगर.

टीव्हीवाले म्हणाले, डोंगर कोसळला. डोंगर जागेवर आहे. जाऊन बघा. सरकली ती वरची हातभर माती. खाली काळा कातळ. पाऊस थांबेना, पाणी दोन्हींच्या मध्ये शिरलं आणि माती गवताझाडांसकट खाली आली. ओल्या पाठीवरून घोंगडी घसरते तशी. 

चारच्या सुमाराला मी परसात गेलो. शेवगा घराकडं वाकला होता. वर चढावर भेग पडली होती.

"हिरा, बाहेर चल. आत्ता!"

"शेळ्या सोडते न् आलेच. तुमी कोंडाजीला हाका मारा."

कोंडाजी आमचा शेजारी. त्याचं घर खालच्या अंगाला. त्याच्या दारात पोचलो तोच मागून आवाज झाला. मलासुद्धा ऐकू आला, एवढा मोठा.

मागं वळलो तर घर नव्हतं. चिखलातून कौलं आणि वासे वर आले होते.

गाव धावून आलं. जेसीबी आला. मोबाईल धरून उभी राहणारी पोरं आली. जो तो ओरडत होता, जो तो दुसऱ्याला आर्डर देत होता. कुणीतरी माझ्यासाठी खुर्ची आणली. खुर्ची!

"इंजिन बंद करा," मी म्हणालो.

"आजोबा, तुम्ही बसा. आम्ही बघतो."

काय बघता? अशा वेळी ऐकायचं असतं. सिक्कीममध्ये आमच्या तंबूवर अशीच माती आली. आत लान्स नाईक शब्बीर, आपल्याच तिसगावचा. सुभेदारसाहेबांची पहिली आर्डर फावड्याची नव्हती. "इंजिन बंद! सब खामोश!" आम्ही श्वास धरून उभे राहिलो. मग मातीतून आवाज आला, "कोन हाय रं माझ्या टाळक्यावर उभा? सरक की!" शब्बीरला जिवंत काढला.

हिरा तर शब्बीरपेक्षा खमकी. शिव्या देतच निघाली असती. पण ऐकणार कोण?

मी परेडचा आवाज काढला. "इंजिन बंद! खामोश!"

सगळे थांबले. जेसीबीवालासुद्धा. मला काहीच ऐकू येईना. कोंडाजीची सून सुमन शेजारी होती. तिला म्हणालो, "पोरी, तू ऐक."

तिनं डोळे मिटले. "आजोबा, वाजतंय! आजी भांडं वाजवत्यात!"

"कुठं?"

तिनं स्वयंपाकघराकडं बोट केलं. सगळे तिकडं तुटून पडले. मीही हातानं उपसत होतो. वासा उचलला तर खाली पातेलं. जसं ठेवलं होतं तसं सरळ. वाशावरून पाणी गळत होतं आणि पातेल्यात पडत होतं. टिक. टिक.

हिरा दुसऱ्या अंगाला, गोठ्याच्या दाराशी सापडली. तेव्हा अंधारून आलं होतं. दोन्ही शेळ्या सुटलेल्या होत्या. दाव्याचं टोक तिच्या मुठीत होतं.

रात्री सगळे शाळेत होतो. सकाळी पाऊस कमी झाला, तसं कोंडाजीनं बोचकं उचललं.

"घरी निघतो, हवालदार. डोंगूर जागेवर हाय की."

"बस खाली!" मी ओरडलो. तो बसला.

शाळेचं छपरही गळत होतं. सुमननं आमचंच पातेलं आणून खाली ठेवलं होतं. मी पंचाचं टोक फाडलं, घडी केली आणि तळाला टाकलं.

"सुमन, वाजतंय का?"

"न्हाई, आजोबा."