मामाच्या बोटाचा मध

आमच्या घरात, महाळुंगे पडवळला, समज असा की बाळाला पहिला मध जो चाटवतो त्याचा गुण बाळाला लागतो. माझं पहिलं बाळंतपण माहेरी झालं, नव्वद साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील. बारशाला आईनं जाहीर केलं, मध मामाच चाटवणार. मामा म्हणजे तिचा धाकटा भाऊ. लग्न केलं नाही, आमच्याच घरी राहायचा आणि जन्मात कुणाशी भांडला नव्हता. "हिच्यावर गेलं तर जलमभर भांडत बसंल," आई माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली. त्यावर मी तिथल्या तिथं भांडले, म्हणजे तिचंच खरं ठरलं.

मामा शांत होता खरा, पण त्याचं निम्मं श्रेय झोपेला. तो बसल्या बसल्या झोपायचा, लग्नात हातात अक्षता धरून झोपायचा. एकदा शेतात दारं धरताना झोपला आणि आमच्या गव्हाचं सगळं पाणी शेजाऱ्याच्या कांद्यात गेलं. कांदा चांगला निघाला म्हणून शेजाऱ्यानं त्याला टोपी घेतली. तर असा हा माणूस भीमाशंकरच्या डोंगरातला मध घेऊन आला, बाळाच्या जिभेला बोट लावलं, बाटली फडताळात ठेवली आणि आडवा झाला.

बाळ दोन महिन्यांचं झालं आणि गुण दिसायला लागला. आधी शी होईना. मग रडणं बारीक झालं, मांजराच्या पिलासारखं. पापण्या अर्ध्यावर उतरल्या. आळीतल्या बायका बघायला यायच्या आणि म्हणायच्या, "लई गुणी लेकरू बाई, रडत सुदिक नाय." मामा शेजारी झोपला की दोघांची तोंडं खरंच सारखी दिसायची आणि आम्ही हसायचो. मीही हसले. त्याची लाज मला अजून वाटते.

मान पार टाकली, दूध ओढेना, तेव्हा माझं हसू संपलं. मी म्हटलं डॉक्टरकडे नेऊ. आई म्हणाली, "डाक्टर काय गुण बदलून देतोय व्हय?" तिचा उपाय असा, की पहिल्या गुणावर दुसरा चढवायचा. चपळ माणूस बघून पुन्हा मध चाटवायचा. घरात दिवसभर उमेदवारांची छाननी चालली. पैलवान बाद, कारण अक्कल कमी. मास्तर बाद, कारण तेही दुपारी पेंगतात. मी माझ्या नवऱ्याचं नाव काढलं, तर आईनं ऐकूच आलं नाही असं दाखवलं. शेवटी एस.टी.च्या कंडक्टरवर एकमत झालं. आवाज खणखणीत, पायाला भिंगरी, आणि गावात कुणी त्याला बसलेलं बघितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो खाकी कपड्यांत, तिकिटांची पेटी गळ्यात घालून आला. प्रवाशांनी भरलेली गाडी चावडीपाशी उभी. त्यानं आधी तिकिटाचा पंच बाळाच्या कानाशी टकटक वाजवला. बाळ दचकलंसुद्धा नाही. मग त्यानं मधाचं बोट तोंडात घातलं. मध ओठाच्या कोपऱ्यातून बाहेर आला आणि गालावरून कानाकडे ओघळत गेला. माझ्या पोराला गोडसुद्धा गिळता येत नव्हतं.

कंडक्टरनं बोट धोतराला, म्हणजे मामाच्या धोतराला, पुसलं. "ताई, ही झोप न्हाई. चला, गाडी उभीच हाय." आई कपाळाला हात लावून घरीच बसली. मी आणि मामा निघालो. मंचर येईस्तोवर कंडक्टरनं एकही थांबा घेतला नाही. कळंबला उतरणारे आरडाओरडा करत होते आणि तो त्यांना शांतपणे सांगत होता, "परतीला सोडतो राव." मंचरच्या डॉक्टरांनी बाळाला उचललं तर ते ओल्या फडक्यासारखं हातावर लोंबलं. त्यांनी तिथूनच पुण्याला धाडलं.

पुण्याला श्वासासाठी मशीन लावलं. तिसऱ्या दिवशी मोठ्या डॉक्टरांनी मला, निरोप मिळून आलेल्या नवऱ्याला आणि मामाला समोर बसवलं. बाळाला मध दिला होता का, त्यांनी विचारलं. मधात कधीमधी एका जंतूचं बी असतं, म्हणाले. तान्ह्याच्या पोटात ते रुजतं, त्याचं विष होतं आणि अंग लुळं पडतं. फार क्वचित होतं. तपासणीची सोय इथं नाही, पण लक्षणं तीच दिसतात. वर्षाच्या आतल्या मुलाला मध द्यायचाच नाही. बी म्हटल्यावर मामातला शेतकरी जागा झाला. "मंग आमच्या पोटात कसं उगवत नाय?"

"तुमच्या पोटात आधीच तण माजलेलं असतं. त्याला जागा मिळत नाही," डॉक्टर गंभीरपणे म्हणाले. मामाला ते पटलं.

"मध दिला कुणी?" डॉक्टरांनी विचारलं.

"म्या दिला सायेब," मामा उठून उभा राहिला.

त्यानं एकदा दिला होता, बारशाला. त्यानंतर फडताळातली ती बाटली काढून रोज सकाळी घुटीत मध कालवत होते मी. कारण मधाशिवाय बाळ घुटी थुंकायचं, आणि मला कामं उरकायची असायची. हे सांगायला मी तोंड उघडलं. तेवढ्यात नवऱ्यानं मामाकडे असं काही बघितलं, की मी तोंड मिटलं. उभ्या गावाशी भांडणारी बाई मी, आणि मला एवढं एक वाक्य बोलवलं नाही.

मशीन तीन आठवड्यांनी निघालं. आणखी महिनाभरानं बाळ नळीशिवाय दूध प्यायला लागलं आणि आम्ही घरी आलो. आळीतल्या बायकांनी त्याला आळीपाळीनं मांडीवर घेतलं. ते सगळ्यांच्या मांडीवर कोकलत होतं. आई मामाला म्हणाली, "घे की." तो म्हणाला, "नगं. माझा हात वंगाळ हाय."

मी तिथंच दुपटी घडी करत होते. मामा वारला तेव्हा मुलगा सातवीत होता. तोवर मामानं त्याला एकदाही मांडीवर घेतलं नाही, आणि घे, असं मी म्हटलं नाही.