पंपात उरलेलं औषध

आमच्या कारधा गावात एक भारी रीत आहे. शेतात फवारणी करून आलेला माणूस पंपात उरलेलं औषध घरामागच्या वाडीत मारून टाकतो. वांग्यावर मार, वालावर मार, पण वाया जाऊ द्यायचं नाही. मग त्याच वालाच्या शेंगा आम्ही मिटक्या मारत खायच्या. वा रे शहाणपण!

शेतात काय पेरायचं ते आमचे हे ठरवणार, घरात काय शिजायचं ते सासूबाई. लग्नाला इतकी वर्षं झाली. माझ्या शब्दाला किंमत असावी अशी एकच जागा मला हवी होती, ती म्हणजे ही वाडी. इथे औषध मारायचं नाही, असं मी ह्यांना बजावून ठेवलं होतं. "बरं वो," म्हणाले होते.

गेल्या हिवाळ्यात ढगाळ हवा पडली आणि वालावर मावा चढला, रस शोषणारी बारीक कीड. कोवळे शेंडे काळे पडले. सांभार, म्हणजे कोथिंबीर, मी मुद्दाम फुलावर जाऊ दिला होता. सासूबाई चिडल्या, "भाजीत टाकाले काडी नाही, न् हे फुलं पाहून राहिली!" पण त्याच फुलांवर पिवळ्या-काळ्या पट्ट्यांच्या बारीक माश्या आल्या. हवेत एका जागी टांगल्यासारख्या थांबायच्या. सासूबाईंना त्या गांधीलमाश्या वाटल्या. अहो, त्या बिचाऱ्यांना नांगी तरी आहे का! बचत गटात आलेल्या शेतीखात्याच्या मॅडमनी नाव सांगितलं होतं, सिर्फिड माशी. तिची अळी मावा खाते. मी रोज चहा घेऊन वेलापाशी बसायची. बिनपायाची हिरवट अळी मावा तोंडात धरून उचलायची, चोखायची आणि साल टाकून द्यायची. हळूहळू शेंडे मोकळे व्हायला लागले. जीव कसा गार झाला माझा!

एका दुपारी भंडाऱ्याच्या बाजारातून आले, तर वाडीत तोच उग्र वास. हे हरभऱ्यावर फवारून परतले होते.

"काहून मारलं?" मी ओरडलेच.

"अवो, येलावर अळ्या होत्या! औषध उरलं होतं, नालीत कायले फेकाचं?"

चोर सोडून संन्याशाला फाशी! अळ्या पानांवर वाळून चिकटल्या होत्या. मला रडू आलं, आणि ह्यांना त्याचं हसू आलं.

पंधरवड्यात मावा परत आला, आधीपेक्षा दाट. माश्या काही आल्या नाहीत.

"पाय, कुठी गेल्या तुया माश्या?" हे म्हणाले. "औषधाबिगर काही होत नाही." आणि पंप भरायला निघाले.

माझं डोकंच फिरलं. बुंध्याला हात घातला आणि अख्खा वेल मांडवासकट खाली ओढला. सासूबाईंनी कपाळावर हात मारला. मला वाटलं, आता तरी हे भांडतील, काही विचारतील. ह्यांनी पंप खाली ठेवला, हात धुतले.

"येल तुयाच होता, तूच उपटला," म्हणाले. "मले काय?"

माझा होता म्हणे! मग पंप पाठीवर असताना हे का नाही आठवलं?