कल्पनेचं बक्षीस

परवा शहापूरच्या रस्त्यावर राब भाजल्याचा वास आला आणि मुरबाडच्या कॉलेजातली काव्यस्पर्धा आठवली. भाताची रोपं टाकण्याआधी आमच्याकडे जमिनीवर पालापाचोळा जाळतात, तोच राब; त्यावरच माझी कविता होती.

परीक्षक हसले. "शेत जाळून पीक येतं? कल्पनाच ना ही?"

पोरंही हसली. गावंढळ ठरायची लाज वाटून मी म्हणालो, "हो सर, कल्पनाच."

कल्पनाशक्तीसाठी पहिलं बक्षीस मिळालं. मागच्या बाकावर बाबा बसले होते, नखांत राख घेऊन. बाहेर आल्यावर म्हणाले, "कल्पना? मंग सकाली मी काय भाजून आलो रे?"

पुढं घराण्यातली पहिली पदवी मी घेतली. त्या समारंभाला बाबा आले नाहीत. राब भाजायचाय, म्हणाले.