विनायकच्या गालावरचे वण

एखादा चेहरा आवडला की माझ्या दादाला राहवत नसे. डोंबिवलीत आमच्या दारी येणाऱ्या पोस्टमनलाही तो म्हणे, "जरा उजेडाकडे तोंड करा." पोस्टमन बिचारा डॉक्टरसमोर उभं राहिल्यासारखी जीभ बाहेर काढी.

दादा ठाण्याच्या एका शाळेत ड्रॉइंग शिकवायचा आणि सुट्टीत तांब्याच्या पत्र्यावर चित्रं काढायचा. पत्र्याला मेण लावायचं, सुईने त्यात रेघा ओढायच्या, मग पत्रा ॲसिडमध्ये बुडवायचा. रेघ असेल तिथे ॲसिड तांबं खाई. त्या खाचांत शाई भरून कागदावर छाप घ्यायचा. छापयंत्र त्याने कल्याणच्या लोहाराकडून बनवून घेतलं होतं. चाक फिरवायचं काम माझं.

त्याचा बालमित्र विनायक शास्त्रज्ञ म्हणून जगभर गाजला. वर्तमानपत्रांतले त्याचे फोटो बघून दादा मात्र चिडायचा. "गालावरचे देवीचे वण पुसून टाकलेत. हा विन्या नव्हेच." परदेशी निघण्याआधी विनायकराव एक दिवस आमच्याकडे येणार असं कळलं, तेव्हापासून दादाचं जेवणात लक्ष लागेना.

विनायकराव आले, पडवीत स्टुलावर बसले. पण स्वस्थ बसणं त्यांना ठाऊकच नव्हतं. हातवारे करत बोलत राहिले. मी त्यांना गप्प करायला गेले, तर दादा म्हणाला, "बोलू दे गं. मला गप्प विन्या नकोय."

पत्रा ॲसिडमध्ये गेल्यावर तर ते उठून वाकून बघू लागले. "सदा, बुडबुडे कमी येताहेत. ॲसिड जरा कडक करू या."

दादाने त्यांचा हात बाजूला सारला. "रसायन तुझं असेल, पत्रा माझा आहे."

संध्याकाळी मी चाक फिरवलं. दादाने ओला कागद अलगद उचलला. एकूण एक वण त्यात होता. विनायकराव कागदावर वाकले.

"मला देवी आल्या तेव्हा तू रोज खिडकीखाली येऊन बसायचास," ते म्हणाले.

"आत सोडत नव्हते ना."

"हा पहिला छाप माझ्या आईला दे."

आणि दोघांनी एकमेकांना मिठी मारली. विनायकरावांच्या नव्या शर्टावर दादाचे काळे पंजे उमटले, तेच मिरवत ते स्टेशनवर गेले.

त्यांची बोट सुटल्यावर आम्ही फ्रेम घेऊन ठाण्याला त्यांच्या आईकडे गेलो. वर्तमानपत्रांतले फोटो काकूंनी भिंतीवर लावले होते. त्यांनी फ्रेम मांडीवर घेतली, गालावरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "आलास का रे?"

दादाने खिळा मागितला.

"भिंतीवर नको रे," काकू म्हणाल्या. "इथे उशाशी ठेव."

विनायकराव तिकडेच राहिले. पुढे मुंबईच्या एका प्रदर्शनाने चित्र मागितलं, तेव्हा दादाने दुसरा छाप काढून पाठवला. पहिला मागायला तो कधी गेला नाही. काकूंना भेटायला मात्र दर आठवड्याला जायचा, त्या होत्या तोवर.