कापडी टेपनं मोजलेले प्रवाळ

वडनेरच्या सीताबाई गावातल्या बायकांची पोलकी शिवत. त्यांचा मुलगा रत्नदीप प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झाला आणि १९९६ साली एका प्रकल्पातून लक्षद्वीपला प्रवाळ मोजायला गेला. प्रवाळ दगडासारखे दिसतात, पण ते जिवंत जीव. कोणता किती रुंद, किती खोल पाण्यात, वर्षात किती वाढला, हे लिहायचं. निघताना त्यानं आईच्या शिलाई मशीनवरचा कापडी टेप पिशवीत टाकला. समुद्र मायलेकांपैकी कुणीच पाहिला नव्हता.

वर्षभर त्याच टेपनं मोजमाप झालं. दुसऱ्या वर्षी फायबरचा टेप आला, तेव्हा कळलं की जुना टेप पाण्यात राहून मीटरमागे तीन सेंटिमीटर ताणला गेला आहे. म्हणजे पहिल्या वर्षाची मापं कमी भरली होती आणि प्रवाळ होते त्याहून जास्त वाढलेले दिसत होते. कोणत्या महिन्यात टेप किती ताणला, हे सांगता येईना. पुढे १९९८ साली समुद्र तापला आणि मोजलेल्यांतले बहुतेक प्रवाळ मेले.

प्रकल्प संपला. रत्नदीप हिंगणघाटला कनिष्ठ महाविद्यालयात शिकवू लागला. २००७ साली काही संशोधकांचं पत्र आलं : प्रवाळांची मापं जगभरातून गोळा करून सर्वांसाठी खुली ठेवतो आहोत, तुमची द्याल का? त्याच सुमारास त्यानं नागपूरला पीएच.डी.साठी अर्ज केला होता, तोही याच मापांच्या वह्यांच्या भरवशावर.

आकडे कॉम्प्युटरवर चढवायला धाकटी बहीण काजल बसली.

"दादा, टेपचं काऊन लिहून राह्यला? तुह्या नागपूरच्या सरले दिसलं तर गेली पीएच.डी."

"मंग पयलं वर्ष गाळू? मेलेले प्रवाळ आता कुठून मोजू?"

"गाळू नको. दे अन् चूप राह्य. कोनाले समजते?"

मशीन थांबवून सीताबाई म्हणाल्या, "माह्या हातून पोलकं तंग झालं तर मी बाईले आधी सांगतो. अंगात तिले घालाचं असते, मले नाई."

रत्नदीपनं मापं होती तशीच दिली आणि पहिल्या वर्षाच्या प्रत्येक ओळीपुढे शेरा लिहिला : कापडी टेप, तीन टक्क्यांपर्यंत ताणलेला, नेमका किती ते माहीत नाही.

नागपूरच्या सरांनी तो शेरा वाचला. प्रवेश दिला, पण पहिलं वर्ष प्रबंधात घ्यायचं नाही या अटीवर. त्यामुळे वाढीचं प्रकरण गेलं आणि प्रबंध दोन वर्षं लांबला. खुल्या यादीत मात्र ते वर्ष शेऱ्यासकट आहे. घ्यायचं की सोडायचं, हे ज्याला काम आहे तो ठरवतो.